पूजेची चावी

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. ज्या सकाळी काका बुकिंग रद्द करायला माझ्यासमोर येऊन बसले, त्या सकाळी मला पक्कं माहीत होतं की आमची ती इमारत पुरी होणार नाही. आदल्याच संध्याकाळी मला ते कळलं होतं. तरीही मी त्यांना जाऊ दिलं नाही.

काका माझे कुणी नातेवाईक नव्हेत. नाशकात पाथर्डी फाट्याच्या पुढे एका बिल्डरच्या साइटवर मी बुकिंगचं काम बघायचो, आणि ते पाचव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटचे गिऱ्हाईक. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना न विचारता मी त्यांच्या बाबतीत आधीच पुष्कळ काही करून बसलेलो आहे.

काका साइटवर आले की आधी भिंतीला हात लावायचे. आठवडी बाजारात बैल बघायला आलेला माणूस त्याच्या पाठीवर सबंध तळवा टेकवतो, जरा थांबतो आणि मग हळूच एक थाप मारतो, तसं. थाप मारून झाली की म्हणायचे, "लय तापलीय." आणि मग पाणी मारायला लागायचे.

तुम्ही कधी चालू बांधकामावर गेला असाल तर रविवारी येणारी माणसं पाहिली असतील. नवरा-बायको आपल्या मजल्यावर जातात, दारं नसलेल्या खोल्यांतून दारं असल्यासारखे वळून वळून फिरतात. इथे फ्रिज, इथे देव, इथे बाळाचा पाळणा. फोटो काढतात आणि जातात. काका रविवारचे नव्हते, रोजचे होते. अंबडच्या एका कारखान्यात मशीनवर होते. पहिली पाळी सुटली की घरी न जाता जुनी मोपेड फटफटवत सरळ साइटवर. खालच्या टाकीतून बादली भरायची, पाच मजले चढायचे, आणि आपल्या भिंती भिजवायच्या. पाणी मारायला आमचा माणूस होता. पण तो काय, सगळ्या इमारतीचा.

"त्याला काय पडलंय, भाऊ?" काका म्हणायचे. "आपलंच हाय ना. आपणच बघायचं."

"आपलंच हाय ना" हे त्यांचं पालुपद. जिन्यात सांडलेले खिळे दिसले की गोळा करून मिस्त्रीला नेऊन द्यायचे. कुठे नळ ठिबकत असला की बंद करायचे. वाळूच्या ढिगावर झोपलेलं कुत्रं आधी हाकलायचे, मग त्यालाच बिस्कीट घालायचे आणि म्हणायचे, "असू दे, आपलंच हाय ना." एकदा तर समोरच्या फ्लॅटची भिंत भिजवताना मला सापडले. म्हटलं, "काका, हा तुमचा नाही हो." जरासे ओशाळले. मग म्हणाले, "शेजार हाय, भाऊ. शेजार पक्का पाहिजे."

त्यांच्या पाण्याचा एकदा घोळच झाला. हल्ली आतल्या भिंतींना जिप्समचा गिलावा करतात. तो पांढरा, गुळगुळीत असतो आणि त्याला पाणी मारायचं नसतं. काकांना हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांना ते पटलं नसतं. त्यांनी हॉलची नवी पांढरी भिंत मनापासून भिजवली. दुसऱ्या दिवशी भिंतीला फुगे आले आणि हात लावला की गिलावा पापुद्र्यांनी खाली. मिस्त्री बोंबलत माझ्या ऑफिसात आला.

"ओ काका, भिंत हाय का मेथीचा वाफा हाय? जरा दिसली की सोडलं पाणी!"

"भिंत म्हणल्यावर पाणी लागणारच," काका आपल्या मतावर ठाम. "तू मला शिकवतो?"

"मी नाय शिकवत, तुमची भिंत शिकवती! बघा की वर जाऊन!"

काका वर गेले, बघून आले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मिस्त्रीने लांबूनच बोट दाखवून दम दिला तेव्हा दोन्ही रिकामे हात वर करून म्हणाले, "बादली नाय आणली. नुसता हात लावू का?"

नांदगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून ते ऐन तरुणपणी कामासाठी नाशकात आले आणि तेव्हापासून सिडकोत भाड्याने राहिले. खोल्या किती बदलल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, बदल. मालकाला दुकान काढायचं, बदल. मूलबाळ नव्हतं, सामान थोडं, दोघं नवरा-बायको. "आमचा संसार एका टेंपोत मावतो," असं काकू सांगायच्या, आणि हे त्या बढाई म्हणून सांगायच्या की तक्रार म्हणून, ते मला कधी कळलं नाही.

काकू बुटक्या. खूपच बुटक्या. आणि जीभ धारदार. भाड्याच्या खोल्यांतले ओटे दुसऱ्यांच्या मापाचे. सबंध जन्म त्यांनी पाटावर उभं राहून भाकरी थापल्या. स्वतःच्या घराबद्दल त्यांनी एकच अट घातली होती. फरशी कोणतीही चालेल, रंग कसलाही चालेल, ओटा माझ्या मापाचा पाहिजे.

एका रविवारी काका त्यांना घेऊन आले. त्यांच्या कोपरापर्यंत दोरी धरली, जमिनीपासून मोजली आणि दोरीला गाठ मारली. ती दोरी मिस्त्रीच्या हातात देऊन म्हणाले, "ह्या गाठीला ओटा."

मिस्त्री दोरीकडे बघत राहिला. "काका, हा ओटा हाय का चौरंग?"

"तुला का त्याच्यावर भाकरी थापायच्यात?" काकूंनी विचारलं.

"पण उद्या घर विकायचं झालं तर, मावशी? कुणी घेईल का असला ओटा?"

"विकायचं?" काकूंनी त्याच्याकडे असं बघितलं की मिस्त्रीने दोरी खिशात घातली. पुन्हा त्या ओट्याबद्दल तो बोलला नाही. फक्त तो बांधताना गुडघ्यावर बसला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून हसत होता.

आता माझं. दारात आलेल्या माणसाला बसवायचं, पाणी द्यायचं, नकाशा उलगडायचा आणि नकाशात नसलेल्या गोष्टी सांगायच्या, हे माझं काम. लिफ्ट येतेय. महापालिकेची पाइपलाइन फाट्यापर्यंत आलीच आहे. दिवाळीला ताबा. मी काही ठरवून खोटं बोलायचो असं नाही. बोलता बोलता ते माझं मलाही खरं वाटायचं. आमच्या मालकाला सगळे शेठ म्हणत. शेठ वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. ते म्हणणं मला फार सोयीचं आहे.

आमच्या धंद्यात पूजेची चावी म्हणून एक प्रकार असतो. घर अपुरं असतं, पूर्णत्वाचा दाखला नसतो, ताबा देता येत नाही. पण मुहूर्त चांगला असतो. मग गिऱ्हाइकाला एका दिवसापुरती चावी द्यायची. सकाळी वास्तुशांत, ओट्यावर दूध उतू घालायचं, चार माणसं जेवायची, संध्याकाळी चावी परत. दिसायला हा बिल्डरचा चांगुलपणा. शेठने मला त्याची दुसरी बाजू पहिल्याच वर्षी समजावली होती. ज्या घरात बाईने दूध उतू घातलं, ते घर ती सोडत नाही आणि नवऱ्याला सोडू देत नाही. मी ते डोळ्यांनी पाहिलंही होतं. भांडायला आलेली, वकिलाची भाषा करणारी माणसं पूजेनंतर पेढे घेऊन ऑफिसात यायची.

त्या आदल्या संध्याकाळी जागामालक आला. आमची इमारत उभी होती तिथे पूर्वी त्याचा झेंडूचा आणि गुलाबाचा मळा होता. जमीन त्याची, बांधकाम शेठचं, असा दोघांचा करार. माझं टेबल आणि शेठचं टेबल यांच्यामध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं. पलीकडचा श्वासही ऐकू यायचा.

"तुम्ही कबूल केलं ते एकही दिलं नाय," जागामालक म्हणाला. आवाज चढवला नव्हता त्याने, म्हणूनच मला भीती वाटली. "आता कोर्टातून स्टे आणतो. एक वीट वर चढू देणार नाय."

तो गेल्यावर शेठ बाहेर आला, माझ्या टेबलावरच्या बाटलीतलं पाणी प्यायला. म्हणाला, "गेलं काम. किती वर्षं ते देव जाणे. नवीन बुकिंग घेऊ नको. जुनं सोडू नको. कुणी फारच हटून बसलं तर माझ्याकडे पाठव."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले.

त्यांनी त्या दिवशी भिंतीला हात लावला नाही. सरळ ऑफिसात येऊन खुर्चीच्या कडेवर बसले. म्हणाले, "भाऊ, एक बोलायचं व्हतं. हिचे गुडघे आता साथ देत नाय. सिडकोत एक जुनं घर भेटतंय. तळमजला. मागं थोडी जागा हाय, तुळस लावता येईल. ही म्हणती, पाचवा मजला राहू द्या. तुमची लिफ्ट कवा व्हायची, कवा नाय." मग माझी समजूत काढावी तसं, "तुमच्यावर राग नाय हो. तुम्ही लय केलं आमच्यासाठी."

मला काय करायचं होतं? "काका, आत जा. शेठसमोर बसा आणि होकार मिळेपर्यंत उठू नका." एवढं एक वाक्य. दुसऱ्या मजल्याच्या एका शिक्षक जोडप्याने त्याच आठवड्यात तेच केलं, हटून बसले, आणि त्यांनी भरलेलं सगळं परत मिळालं. काकांचंही मिळालं असतं. शेठकडे तेव्हा होतं, आणि गवगवा होऊ नये म्हणून त्याने ते दिलं असतं.

मी का बोललो नाही, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ देऊन पाहिली आहेत. नोकरी जाईल ही भीती होती. माझ्याही घराचे हप्ते चालू होते. हे खरं आहे, पण पुरेसं खरं नाही. त्या सकाळी मी एवढा विचारच केला नाही. समोर गिऱ्हाईक हातातून निसटत होतं आणि माझं तोंड सवयीने चालायला लागलं.

"काका, आखाजी आलीय, अक्षय्य तृतीया," मी म्हणालो. "साडेतीन मुहूर्तांतला दिवस. लिफ्टचं होत राहील. तुम्ही पूजा करून घ्या की. चावी देतो तुम्हाला."

शेठने मला हे सांगितलेलं नव्हतं. हे माझं होतं.

काकांचा चेहरा मला अजून दिसतो. आधी त्यांना कळलंच नाही. मग त्यांनी विचारलं, "चावी? आमच्या हातात?"

"तुमच्याच. एका दिवसापुरती का होईना."

ते उठले. तळमजल्याच्या घराचं पुन्हा नाव काढलं नाही. दारात जाऊन परत वळले आणि म्हणाले, "हिला आत्ताच सांगत नाय. आदल्या दिवशी सांगतो. नायतर झोपायची नाय."

आखाजीला मिस्त्री आणि तीन कामगार काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर घेऊन चालले. जिन्याला कठडा नव्हता. काकू दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून सूचना देत होत्या. "नीट रे, सांडशील मला. अरे, ह्या बाजूनं! वरात काढली का माझी?"

"वरातच हाय, मावशी," मिस्त्री धापा टाकत म्हणाला. "नवरदेव पुढं पळाला बघा."

खरंच काका पुढे पळाले होते, दार उघडायला. त्या दाराला अजून रंग नव्हता. त्यावर त्यांनी झेंडूचं तोरण लावलं होतं, आणि आत भटजी होम पेटवून खोकत बसले होते. काकू आत आल्या त्या कुणाशी न बोलता सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्यापुढे उभ्या राहिल्या. पाटाशिवाय. दोन्ही तळवे ओट्यावर सपाट टेकवून. मग त्यांनी दूध ठेवलं. दूध वर आलं, काठावरून सांडलं, शेगडी चर्रर्र झाली, आणि काकूंनी पदराने डोळे पुसून लगेच मला ओरडून सांगितलं, "भाऊ, जेवल्याबिगर जायचं नाय हां!"

खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. जेवण झाल्यावर काकांनी मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, टॉवेल-टोपी दिली. भटजींच्या आधी मला दिली. म्हणाले, "तुमच्यामुळं, भाऊ." मी टोपी घातली. फोटोही काढला कुणीतरी.

संध्याकाळी चावी घ्यायला वर गेलो तेव्हा काकू समईत तेल घालत होत्या.

"दिवा लावलाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी घर अंधारात टाकून जायचं असतं का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "राहा आजच्या दिवस."

आजचा दिवस कधी संपला नाही. दुसऱ्या दिवशीही दिवा होताच. चार दिवसांनी काका टेंपोत संसार घालून घेऊन आले. भाड्याची खोली सोडली. आणि त्याच सुमाराला स्टे आला. कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या रिकाम्या झाल्या, मिस्त्री आपल्या गावाकडे निघून गेला. शेठला आता कुणाला चावी आहे, कुणाला नाही, याची फिकीर उरली नाही. लिफ्टची जागा तशीच राहिली, खालपासून वरपर्यंत एक चौकोनी काळोखी पोकळी. काकांनी तिच्या तोंडाशी एक फळी आडवी ठोकली. "कुणाचं पोरगं पडायचं," म्हणाले. "आपलंच हाय ना."

काका त्याच वर्षी रिटायर झाले. वीज बांधकामाच्या मीटरवरची, ती कधी चालू, कधी बंद. पाणी टँकरचं, तेही खाली. रोज सकाळी काका कॅन भरून वर न्यायचे. प्रत्येक मजल्यावर थांबायचे. पूर्वी ते हेच पाणी भिंतींसाठी चढवत. तेव्हा त्यांना दम लागलेला मी पाहिला नव्हता.

काकू मात्र वर गेल्या त्या खाली आल्या नाहीत. त्यांचा बाजार गॅलरीतून चालायचा. दोरीला पिशवी बांधून सोडायच्या आणि खाली भाजीवाली गाडी लावायची.

"ए बाई, कालची मेथी निम्मी पिवळी निघाली!"

"खाली येऊन निवडून घ्या ना, मावशी!"

"मी खाली आले तर तुझी गाडीच विकत घेईन, चल! कोथिंबीर टाक चार काड्या जास्तीच्या."

"टाकली, टाकली! ओढा वर!"

रस्त्यावरची माणसं थांबून ऐकायची. मीही थांबायचो, पण अशा जागी, की वरून दिसणार नाही.

साइटचं ऑफिस बंद झालं. द्वारका चौकाजवळ टाइल्सच्या एका दुकानात मला काम मिळालं. घर माझं त्याच भागात असल्याने काका फाट्यावर भेटायचेच. "कोर्टाचं काय म्हणतेत, भाऊ?" मी म्हणायचो, "चाललंय." एकदा मी हिंमत करून विचारलं, "ते सिडकोतलं घर तेव्हा घेतलं असतं तर बरं झालं असतं का, काका?" ते हसले. "असं कसं? दूध उतू गेलं ना इथं." मी पुढे बोललो नाही. तेव्हा बोलता आलं असतं. काकू तेव्हा होत्या.

थंडीत काकूंना दम लागायला लागला. डॉक्टर पाच मजले चढून यायला तयार नव्हते आणि काकू उतरायला. "उतरले तर परत चढायची नाय मी," त्या म्हणायच्या. एका दुपारी दुकानात काकांचा फोन आला. "भाऊ, येता का? उचलायला माणसं कमी पडतेत."

मी गेलो. चौघांनी मिळून त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं. खुर्चीचा पुढचा डावा पाय मी धरला होता, त्यामुळे त्यांचं तोंड माझ्या अगदी जवळ होतं. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर आम्ही खुर्ची टेकवली. शेजारी ती लिफ्टची पोकळी होती. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "लिफ्ट कवा यायची तुमची? पुढच्या आखाजीला का?"

त्या थट्टा करत होत्या. ओठांच्या कडेला हसूही होतं.

मी म्हणालो, "येईल, काकू."

तेव्हासुद्धा हेच आलं माझ्या तोंडात. संध्याकाळी दवाखान्यात त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. सगळ्यांनाच ते तसं म्हणत असतील. पण सगळ्यांच्या बाबतीत ते माझ्यामुळे खरं नसतं.

तेराव्याला वर माणसं जमली. नांदगावकडचे नातेवाईक, कारखान्यातले जुने सोबती. जिना चढून दमलेला एक नातेवाईक तणतणत होता, "असं अपुरं घर घेतं का कुणी? फसवलं तुम्हाला, दादा. चक्क फसवलं." मी भिंतीला टेकून बसलो होतो, पुढ्यात पत्रावळ होती. मला वाटलं, आता होईल. आता कुणीतरी विचारेल, कुणी फसवलं.

काका म्हणाले, "फसवणारे कोण असतील ते असतील. ह्या भाऊंनी चावी दिली म्हणून हिनं स्वतःच्या घरात दूध उतू घातलं. नायतर भाड्याच्या खोलीत गेली असती ती. ह्या माणसाचे लय उपकार हायत आमच्यावर."

सगळे माझ्याकडे वळले. एका म्हाताऱ्या बाईने मला नमस्कार केला. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असेल. मी जेवलो. वाढायला आले तेव्हा नको म्हणालो नाही.

त्यानंतर काका वर्षभर एकटेच वर राहिले. मी एकदा गेलो तर स्वयंपाकघरात पीठ मळत होते. ओटा त्यांच्या मांडीच्या जरा वर लागत होता. ते कमरेत पार वाकले होते. म्हटलं, "टेबल घ्या ना एखादं." ते म्हणाले, "कंबर मोडती खरी. मोडू दे." आणि मला चहा केला, तोही तसंच वाकून. माझ्याच्याने तो पिववेना, पण प्यायलो.

पुढे त्यांना जिना झेपेना. पुतण्या येऊन नांदगावला घेऊन गेला. ते गेले त्या दिवशी मी शहरातच होतो. जाणूनबुजून दुकानात बसून राहिलो. आता पाचव्या मजल्याच्या गॅलरीत कबुतरं असतात. खालच्या रस्त्याने भाजीवाली जाते, तिथे आल्यावर तिची गाडी आपोआप जरा हळू होते आणि मग ती पुढे निघून जाते.

सिडकोतलं ते तळमजल्याचं घर मी शोधून काढलं. का, ते विचारू नका. साधं जुनं घर आहे. पायरीवर एक म्हातारी ऊन खात बसलेली असते. ती उठते, चार पावलांत आत जाते. मागे जागा आहे, तुळस आहे. त्या गल्लीत मला काही काम नसतं, तरी मी जातो.

काकांचा अधूनमधून फोन येतो. आवाज बारीक झालाय. "भाऊ, काम सुरू झालं का?" मी म्हणतो, "होईल." मग ते पुतण्याच्या घरातल्या कुणाला तरी सांगतात, ते मला ऐकू येतं, "आपले भाऊ हायत. त्यांनीच आपल्याला चावी दिलती." आणि फोन ठेवण्याआधी न चुकता म्हणतात, "तुमचे उपकार हायत."

मी एकदा नाशिक रोड स्टेशनावर गेलो होतो. नांदगावचं तिकीट काढलं, बाकावर बसलो. गाडी आली, माणसं चढली, गाडी गेली. मी मनाशी म्हणत होतो की त्यांच्याजवळ आता दुसरं काय उरलंय? बायकोने स्वतःच्या घरात दूध उतू घातलं, एवढंच. ते मी जाऊन का नासवायचं? वाटायला हा विचार किती दयाळू वाटतो. पण पार्टिशनच्या अलीकडे बसून मी माणसांना वर्षानुवर्षं जे सांगत आलो, त्याच जातीचा तो आहे. आपल्याला हवं ते समोरच्याच्या भल्याचं म्हणून सांगायचं. मी तिकीट फाडलं आणि घरी आलो. बायकोने विचारलं, कुठे गेला होता. मी म्हणालो, द्वारकेला, दुकानात.

काका हयात आहेत. त्यांच्यासमोर बसून मला सांगायचं आहे की तुम्ही घर सोडायला आलात त्या सकाळी मला सगळं माहीत होतं, आणि ती चावी उपकार नव्हती. त्यांनी मानलेले आभार मला त्यांना परत करायचे आहेत. हे मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.